हळदीचा हिरवा आणि प्रथिनाचा हिरवा

वाटीभर सर्जिकल स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद टाका, ढवळा आणि गाळ खाली बसू द्या. शेजारी दुसऱ्या वाटीत साध्या पाण्यात तेवढीच हळद कालवा. मग गॅसपासून लांब जाऊन खोलीतला दिवा घालवा आणि दोन्ही वाट्यांवर नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चचा उजेड टाका. फक्त तो कुणाच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका. पाण्यातली हळद मळकट दिसते. स्पिरिटमधली हळद मात्र पोपटी उजेडानं पेटून उठते, वाटीच्या आतच कुणी दिवा लावून ठेवल्यासारखी.

सांगलीत या प्रयोगासाठी काहीच शोधावं लागत नाही. हळद घरात असतेच. टॉर्च आमच्याकडे आला तो वडिलांमुळं. ते मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते, आणि हळदीचे सौदे झाले की नोटा त्या निळसर उजेडाखाली धरून तपासायच्या, हे त्यांचं रोजचं काम. गेल्या दिवाळीत भाचीला हा खेळ दाखवला, तर तिनं पहिलाच प्रश्न नेमका विचारला, "मावशी, पाण्यातली का नाही चमकत गं?"

त्याचं उत्तर पुढं देते, कारण ते उत्तर पॅसिफिक महासागरातल्या एका जेलीफिशपर्यंत जातं. पेशीच्या आत एखादं प्रथिन नेमकं कुठं बसलंय हे शोधण्याच्या बऱ्याच आधुनिक पद्धती तिथून सुरू होतात. आणि या सगळ्या पद्धतींपुढचा प्रश्न एकच असतो: समोर जो हिरवा उजेड दिसतोय, त्यातला माझा कुठला? हा प्रश्न मला हळदीनंच शिकवला, आणि चांगला महागात शिकवला.

आधी चमकणं म्हणजे काय ते पाहू. यार्डातल्या भाषेत सांगायचं तर रेणू हा अडत्या आहे. त्याच्याकडं प्रकाशाचा एक फोटॉन शंभर रुपये घेऊन येतो. रेणू त्यातून आपली अडत कापून घेतो, म्हणजे थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि उरलेली रक्कम पुन्हा प्रकाश म्हणून परत करतो. परत आलेला प्रकाश कमी ऊर्जेचा, म्हणून जास्त तरंगलांबीचा असतो. जांभळा आत जातो, हिरवा बाहेर येतो. निळा आत गेला तर हिरवा किंवा पिवळा. हा हिशोब जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये मांडला आणि या चमकण्याला फ्लुरोसन्स हे नाव त्यांनीच दिलं. हा सगळा व्यवहार काही नॅनोसेकंदांत उरकतो, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागांत. टॉर्च विझला की चमकही त्याच क्षणी विझते.

आता पाण्याचं. हळदीचा रंग ज्या कर्क्युमिनमुळं असतो, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आणि जे थोडं विरघळतं, ते पाण्याच्या रेणूंच्या गर्दीत आपली ऊर्जा प्रकाश म्हणून परत देण्याऐवजी उष्णता म्हणून उधळून टाकतं. स्पिरिटमध्ये किंवा तेलात त्याला ही गर्दी नसते. हे लक्षात ठेवा, कारण जेलीफिशनं नेमका हाच प्रश्न फार सुंदर सोडवलाय.

सूक्ष्मदर्शकाच्या दृष्टीनं या व्यवहारातली मोलाची गोष्ट म्हणजे ती कापलेली अडत. आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या उजेडाचा रंग वेगळा असल्यामुळं दोन्ही वेगळे काढता येतात. फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाच्या पोटात एक खास आरसा तिरका बसवलेला असतो. तो निळा प्रकाश परावर्तित करून नमुन्यावर पाठवतो आणि नमुन्याकडून आलेला हिरवा आरपार सोडतो. शिवाय पुढं एक मागं एक असे दोन फिल्टर. नमुन्यावर पडणारा प्रकाश हा नमुन्यातून येणाऱ्या चमकेपेक्षा लाखो पटींनी प्रखर असू शकतो. त्यातला कणभर जरी डोळ्यापर्यंत पोचला तरी चमक त्यात बुडून जाते. म्हणून मी विद्यार्थ्यांना भिंगाच्या आधी फिल्टर दाखवते. या यंत्राचं अर्धं काम नको असलेला उजेड अडवायचं आहे, आणि पुढं येणारी प्रत्येक पद्धत तेच काम जास्त चलाखीनं करते.

पण हळदीसारखा रंग पेशीत घातला तर तो जिथं चिकटेल तिथं चिकटतो. आपल्याला हवं असतं ते वेगळंच. माणसाच्या एका पेशीत हजारो प्रकारची प्रथिनं असतात. त्यातल्या एकाच प्रकारच्या प्रत्येक रेणूच्या हातात दिवा द्यायचा आणि बाकी सगळी अंधारात ठेवायची, तेही पेशी जिवंत असताना. हे कसं करणार?

१९६१ च्या उन्हाळ्यात ओसामू शिमोमुरा हे जपानी शास्त्रज्ञ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रायडे हार्बर इथं जेलीफिश गोळा करत होते. एक्वोरिया व्हिक्टोरिया नावाची ती जात डिवचली की कडेनं हिरवी चमकते. त्या चमकेचं रसायन वेगळं काढायचं म्हणून त्यांनी बरेच प्रयत्न केले आणि ते फसत गेले. एकदा उरलेला अर्क त्यांनी बेसिनमध्ये ओतून दिला, तर बेसिन निळ्या उजेडानं लखलखलं. मत्स्यटाकीतलं समुद्राचं पाणी त्याच बेसिनमध्ये सांडत होतं. त्या पाण्यातल्या कॅल्शियमनं अर्क पेटवला होता. पुढं हजारो जेलीफिश जमवून १९६२ मध्ये त्यांनी निळा उजेड देणारं प्रथिन वेगळं केल्याचं जाहीर केलं, एक्वोरिन. त्याच शोधनिबंधात ओझरता उल्लेख होता आणखी एका प्रथिनाचा, जे अतिनील प्रकाशात हिरवं दिसतं. हेच पुढं ग्रीन फ्लुरोसन्ट प्रोटीन, म्हणजे जीएफपी झालं. जेलीफिशमध्ये एक्वोरिन आपली निळी ऊर्जा या शेजाऱ्याच्या हाती देतं आणि तो ती हिरवी करून बाहेर टाकतो.

जीएफपीची रचना बघितली की मला आजोळची कणगी आठवते. बांबूच्या कामट्यांची उभी विणलेली, आत धान्य भरून ठेवायची कणगी. जीएफपीची साखळी २३८ अमिनो आम्लांची. ती अकरा पट्ट्यांमध्ये घडी होऊन कणगीसारखं नळकांडं तयार करते, साधारण ४ नॅनोमीटर उंच आणि अडीच नॅनोमीटर रुंद. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. चमकणारा भाग म्हणजे ओळीनं शेजारी असलेली तीन अमिनो आम्लं, ६५, ६६ आणि ६७ क्रमांकाची. कणगी विणून झाली की ती आतल्या आत वळून एकमेकांत गुंततात आणि ऑक्सिजनच्या मदतीनं चमकणारा रेणू आपोआप घडतो. हा भाग कणगीच्या मधोमध असतो, बाहेरच्या पाण्यापासून लपवलेला. हरिपूरच्या पेवांमध्ये हळकुंडं जशी जमिनीच्या पोटात ओल आणि किडीपासून लांब ठेवत, तसाच. हाच भाग वेगळा काढून पाण्यात सोडला तर तो चमकत नाही. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर ते हेच.

चमकणारा भाग आपोआप घडतो, हीच यातली खरी किमया. कारण मग जेलीफिशची गरजच उरत नाही. जीएफपीचं जनुक तेवढं कुठल्याही पेशीत घाला, ती पेशी स्वतःच दिवे बनवते. ते जनुक १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी मिळवलं. पण पुढच्या संशोधनाला पैसा मिळाला नाही, आणि त्यांनी ते जनुक मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना देऊन टाकलं. चॅल्फींनी १९९४ मध्ये एका पारदर्शक सूत्रकृमीच्या स्पर्श जाणणाऱ्या चेतापेशी हिरव्या उजळून दाखवल्या. त्सिएन यांनी त्या तीन अमिनो आम्लांच्या आसपास बदल करून जास्त तेजस्वी हिरवा घडवला, निळा आणि पिवळाही घडवला. १९९९ मध्ये प्रवाळवर्गातल्या एका प्राण्याकडून लाल प्रथिन मिळालं, त्यावरही त्सिएन यांच्या गटानं पुढं पुष्कळ काम केलं. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन या तिघांना मिळालं. प्रॅशर त्या वेळी अलाबामात एका मोटारींच्या शोरूममध्ये ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. पुरस्कार घेणाऱ्यांनी त्यांचं ऋण उघडपणे मान्य केलं, त्यांना सपत्नीक स्टॉकहोमला बोलावून घेतलं, आणि पुढं त्सिएन यांच्याच प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं. वर्गात जीएफपी शिकवताना हे नाव मी कधी गाळत नाही.

जनुक जोडण्याची रीत अशी. ज्या प्रथिनाचा ठावठिकाणा हवा, त्याच्या जनुकाला जीएफपीचं जनुक चिकटवायचं, मध्ये थोडी लवचिक दोरी ठेवून. पेशी दोन्ही सलग वाचते आणि प्रथिनाला शेपटीसारखी कणगी जोडली जाते. ही कणगी पुढं जोडायची की मागं, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. तंतुकणिकेत, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात, जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांच्या सुरुवातीच्या टोकाला पत्ता लिहिलेला असतो. त्या टोकालाच कणगी लावली, तर पाकिटावरच्या पत्त्यावर कागद चिकटवल्यासारखं होतं आणि प्रथिन वाटेतच राहतं. उलट पेरॉक्सिझोम या पेशीतल्या दुसऱ्या छोट्या कप्प्यात जाणाऱ्या बऱ्याच प्रथिनांचा पत्ता शेवटच्या टोकाला असतो, तिथं कणगी पुढच्या बाजूला लावावी लागते. चित्र सुरेख येतं आणि तरी साफ चुकीचं असतं, असं इथं सर्रास होतं. म्हणून दोन्ही टोकांना लावून बघतात.

आता सूक्ष्मदर्शकाखाली घेऊ. साध्या फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकात प्रकाश नमुन्याच्या पूर्ण जाडीवर पडतो. ज्या थरावर नजर स्थिर केली तो स्पष्ट दिसतो, पण वरचे-खालचे थरही चमकत असतात आणि त्यांचा धूसर उजेड चित्रावर पसरतो. पहाटे कृष्णेवर धुकं असताना पलीकडच्या काठावरचे दिवे जसे दिसतात, तसं. आहेत हे कळतं, किती आणि कुठं हे कळत नाही.

मार्विन मिन्स्की यांनी १९५७ मध्ये यावरच्या उपायाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढं कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ओळखले गेलेले तेच मिन्स्की. मेंदूतल्या चेतापेशींच्या जंजाळात एकेक पेशी बघता यावी, ही त्यांची धडपड होती. त्यांनी प्रकाश एका बिंदूवर केंद्रित केला आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत एक सूक्ष्म छिद्र ठेवलं. नेमक्या त्या बिंदूतून आलेला प्रकाश छिद्रावरच एकवटतो आणि पार होतो. वरच्या-खालच्या थरातला प्रकाश छिद्राशी पोचताना पसरलेला असतो, त्यामुळं तो कडेवर अडतो. मग बिंदू सरकवत सरकवत, शेतात तासामागून तास नांगरत जावं तसं सगळं क्षेत्र वाचायचं. हाच कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक. १९५७ मध्ये लेझर नव्हता, वेगवान संगणकही नव्हता, त्यामुळं ही कल्पना तीसेक वर्षं पडून राहिली. आज जीवशास्त्राच्या कुठल्याही मोठ्या संस्थेत हे यंत्र असतं.

कॉन्फोकलच्या खोलीत पहिल्यांदा गेले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. खिडक्यांना काळा कागद, एसीचा गारठा, पडद्यावर काळोख. मग ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर सुरू होतो आणि वरून खाली एकेक ओळ उमटत पेशी उभी राहते. पाव-पाव मायक्रोमीटर खाली उतरत असे चाळीस-पन्नास थर घेतले, एकावर एक रचले, की पेशी गोल फिरवून सगळ्या बाजूंनी पाहता येते. केंद्रक एखाद्या हिरव्या द्राक्षासारखं दिसत होतं.

आणि इथंच मी फसले. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी मुद्दाम कर्क्युमिन घेतलं होतं. सांगलीच्या मुलीनं हळदीवर काम करावं, इतकं साधं कारण. माझ्या पेशींमध्ये एका प्रथिनाला जीएफपी जोडलेलं होतं. ते एरवी केंद्रकात राहायचं. पेशींना कर्क्युमिन दिलं की ते बाहेर पडतं का, हा प्रश्न होता. कर्क्युमिन दिलं, दोन तासांनी पाहिलं, आणि केंद्रकाभोवतीचा सगळा भाग जाळीदार हिरव्या उजेडानं भरलेला! मी रात्री बारापर्यंत बसून चित्रं घेतली. दुसऱ्या दिवशी मॅडमना दाखवली. त्यांनी एकच विचारलं, "अगं, जीएफपी नसलेल्या पेशींना कर्क्युमिन देऊन पाहिलंस का?"

पाहिलं नव्हतं. त्या दुपारी पाहिलं. ज्या पेशींत जीएफपीचा मागमूस नव्हता, त्याही तशाच जाळीदार हिरव्या दिसत होत्या. कर्क्युमिन पाण्यात राहत नाही, तेलकट जागी जाऊन बसतं, आणि पेशीतली तेलकट जागा म्हणजे तिची पटलं. तिथं पाण्याची गर्दी नाही, म्हणून तिथं ते चमकतं. निळ्या लेझरनं ते उजळतं आणि त्याची चमक जीएफपीच्याच हिरव्या फिल्टरमधून आत येते. वाटीतल्या स्पिरिटमध्ये जे झालं, तेच पेशीच्या पटलांमध्ये झालं होतं. तीन आठवड्यांची चित्रं हळदीची होती.

असा स्वतःचा उजेड पेशीत इतरही ठिकाणी असतो. तासगावच्या द्राक्षवेलीचं पान घेतलं तर त्यातलं हरितद्रव्य निळ्या प्रकाशात गडद लाल चमकतं. मेलेल्या पेशी पिवळट-हिरव्या दिसतात. म्हणून जीएफपी नसलेली एक डिश शेजारी हवीच. त्यापलीकडं जाऊन दोन हिरव्या उजेडांमध्ये फरक करायची एक पद्धत आहे, आणि ती मला फार आवडते. रंग सारखाच असला तरी प्रत्येक रेणू फोटॉन किती वेळ धरून ठेवतो, ते वेगळं असतं. जीएफपी सरासरी अडीच नॅनोसेकंदांच्या आसपास धरून ठेवतं. कर्क्युमिन एका नॅनोसेकंदाच्या आतच सोडून देतं. लेझरचा अतिसूक्ष्म झोत मारायचा आणि प्रत्येक फोटॉन किती वेळानं परत आला हे मोजायचं. या पद्धतीला फ्लिम म्हणतात. तिच्या चित्रात उजेडाला रंग दिला जातो तो त्याच्या या विलंबावरून, आणि जे दोन हिरवे डोळ्याला एकसारखे होते ते पडद्यावर निळा आणि केशरी होऊन वेगळे पडतात.

एवढं करूनही एक भिंत उरते. प्रकाश ही लाट आहे, त्यामुळं भिंग कितीही निर्दोष असलं तरी एका बिंदूची प्रतिमा बिंदू येत नाही, पसरट ठिपका येतो. अर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८७३ मध्ये याची मर्यादा सांगितली: साधारण तरंगलांबीच्या निम्मी. येना शहरातल्या त्यांच्या स्मारकावर हे सूत्र दगडात कोरलंय. हिरव्या प्रकाशासाठी ती येते २०० नॅनोमीटरच्या आसपास. ऐकायला छोटी वाटते, म्हणून माणसाच्या मापात सांगते. जीएफपीची कणगी ४ नॅनोमीटरची, ठिपका तिच्या पन्नास पट. कणगीच्या जागी साडेपाच फुटी माणूस धरला, तर ठिपका पावणेतीनशे फूट रुंद झाला. उभ्या दिशेत तर याच्या दोन-अडीच पट. म्हणजे "तो कुठं आहे?" या प्रश्नावर सूक्ष्मदर्शक सांगतो, "यार्डात, या पावणेतीनशे फुटांत कुठंतरी." सौद्याच्या दिवशी तेवढ्या जागेत शेकडो माणसं असतात. लाल प्रथिन आणि हिरवं प्रथिन एकाच ठिपक्यात येऊन पिवळा रंग दिसला, की दोघं एकमेकांना चिकटून आहेत असं पुष्कळ जण लिहून मोकळे होतात. त्यांची कदाचित नजरानजरही झालेली नसते.

ही भिंत ओलांडायला सव्वाशे वर्षं लागली. २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याबद्दल श्टेफान हेल, एरिक बेट्झिग आणि विल्यम मोर्नर यांना मिळालं.

हेल यांची युक्ती १९९४ मधली, नाव स्टेड. आधी एका झोतानं ठिपका उजळायचा. लगेच दुसरा झोत टाकायचा, मेदूवड्याच्या आकाराचा, मध्ये भोक असलेला. हा दुसरा झोत ज्या रेणूंवर पडतो त्यांना आपली ऊर्जा लगेच वेगळ्या रंगात टाकून द्यायला लावतो, आणि तो रंग फिल्टर अडवतो. उरतात ते फक्त भोकातले रेणू. झोत जितका प्रखर, तितकं भोक लहान.

बेट्झिग यांची वाट निराळी. ती मला आयर्विन पुलावरूनच नीट समजली. रात्री पुलावर उभं राहून काठावरच्या दिव्यांकडं चष्मा काढून पाहा. शेजारशेजारचे दोन दिवे एकच पसरट गोळा होतात. पण समजा त्यातला एकच दिवा लागला. तोही पसरटच दिसेल, पण त्या गोळ्याचं केंद्र कुठं आहे हे तुम्ही बरंच अचूक सांगाल. मग तो विझावा आणि दुसरा लागावा. त्याचंही केंद्र टिपून घ्यायचं. असं करत सगळ्या दिव्यांची केंद्रं एका कागदावर काढली, तर धूसर डोळ्यांनीही काठाचा स्वच्छ नकाशा तयार होतो.

यासाठी दिवे आपल्या मर्जीनं लागायला हवेत. मोर्नर यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं होतं, की जीएफपीचे एकटे रेणू चालू-बंद होतात आणि बंद झालेल्यांना ठरावीक रंगाच्या प्रकाशानं पुन्हा जागं करता येतं. २००२ मध्ये जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ आणि जॉर्ज पॅटरसन यांनी असं जीएफपी घडवलं, जे जांभळ्या प्रकाशाचा स्पर्श होईपर्यंत अंधारात राहतं. बेट्झिग तेव्हा संशोधन सोडून वडिलांच्या यंत्रांच्या कारखान्यात काम करून आलेले, बेकार. हॅराल्ड हेस या मित्राच्या दिवाणखान्यात दोघांनी मिळून पहिलं यंत्र जोडलं, आणि २००६ मध्ये निकाल छापून आले. जांभळा प्रकाश इतका मंद ठेवायचा की एका वेळी मोजकेच, दूरदूरचे रेणू जागे व्हावेत. त्यांचं केंद्र टिपायचं, ते विझेपर्यंत थांबायचं, पुन्हा मंद प्रकाश. अशी हजारो चित्रं. या पद्धतीला पाम म्हणतात. अचूकता फोटॉनांच्या संख्येच्या वर्गमुळानं वाढते: एका रेणूकडून शंभर फोटॉन मिळाले, तर केंद्र ठिपक्याच्या पसाऱ्यापेक्षा दहापट बारकाईनं सांगता येतं. पावणेतीनशे फुटांवरून आपण पंचवीस-तीस फुटांवर येतो. म्हणजे साधारण कुणाच्या दुकानात, इथपर्यंत.

तुम्हाला वाटेल, मग सगळे हेच का वापरत नाहीत? कारण पेशी जिवंत आहे आणि उजेड तिला भाजतो. शिवाय दिवेही संपतात. पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला हळदीचा डाग धुऊन उन्हात वाळत घातला की उडून जातो, हे प्रत्येक घरात माहीत असतं. प्रकाश खाऊन खाऊन कर्क्युमिनचा रेणू मोडतो. जीएफपीचंही तेच होतं. प्रत्येक रेणू ठरावीक फोटॉनांपुरताच धनी असतो. ते संपले की कायमचा काळोख. स्टेडचा झोत फार प्रखर असतो, पामला फार वेळ लागतो. कॉन्फोकलमध्येसुद्धा एक थर बघताना वरचे-खालचे सगळे थर उगाच भाजून निघतात, कारण छिद्र अडवतं ते परतीच्या वाटेवर.

भ्रूणाची वाढ तासन्‌तास बघायची असेल तर उजेड टाकतानाच हात राखून टाकावा लागतो. हळदीच्या गोदामाचा पत्र्याचा दरवाजा सकाळी बोटभर उघडा असतो, तेव्हा आत उन्हाची एक उभी पातळ पट्टी पडते. तिच्यात हळदीच्या धुळीचा कण न्‌ कण सोन्यासारखा दिसतो आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना काहीच नसतं. धूळ सगळ्या गोदामात असते, दिसते ती पट्टीतली, आणि तीही आडव्या बाजूनं पाहिलं तर. नमुन्यात आडवा, कागदासारखा पातळ प्रकाश सोडायचा आणि काटकोनातून बघायचं: हा लाइट-शीट सूक्ष्मदर्शक. झिगमोंडी आणि झीडेनटॉप्फ यांनी १९०३ मध्येच या तत्त्वावर यंत्र केलं होतं, जीएफपीसाठी ते २००४ मध्ये नव्यानं अवतरलं. फक्त बघायचा तोच थर उजळतो, म्हणून माशाचं भ्रूण दिवसभर वाढताना पाहता येतं आणि ते जिवंतही राहतं.

पेशीच्या काचेला टेकलेल्या शंभरेक नॅनोमीटरच्या थरापुरतंच बघायचं असेल तर टर्फ नावाची पद्धत आहे. दोन प्रथिनं खरोखर चिकटून आहेत का, हे बघायला फ्रेट: एकाची ऊर्जा प्रकाश न होता थेट शेजाऱ्याकडं जाते, जशी जेलीफिशमध्ये जाते, पण अंतर दहा नॅनोमीटरच्या आत असेल तरच. नजरानजर झाली का, याचं उत्तर फ्रेट देतं. आणि २०१५ मधली एक कल्पना अगदी सरळ आहे: यंत्राला दिसत नाही ना, मग नमुनाच फुगवा. लहान मुलांच्या डायपरमध्ये पाणी शोषणारा जो पदार्थ असतो, त्याच जातीच्या जेलमध्ये पेशी रुजवायची, जेल पाण्यानं साडेचार पट फुगवायचं, आणि साध्या कॉन्फोकलखाली ठेवायचं. पेशी अर्थातच तेव्हा जिवंत नसते.

माझ्या प्रकल्पाचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. आमच्याकडं फ्लिमची सोय नव्हती. मग जीएफपीचं जनुक काढून त्या जागी एमचेरी या लाल प्रथिनाचं जनुक जोडलं. ते पिवळसर-हिरव्या लेझरनं उजळतं आणि लाल चमकतं, आणि त्या रंगात कर्क्युमिन जवळजवळ गप्प असतं. जोडणी, तपासणी, नव्या पेशी तयार करणं, यात चार महिने गेले. या वेळी डिशेस चार होत्या: दोन्ही असलेली, नुसती एमचेरीची, नुसत्या कर्क्युमिनची, आणि काहीच नसलेली. काहीच नसलेली मी आधी पाहिली. काळीभोर होती. मग दोन्ही असलेली. हिरव्या फिल्टरमध्ये तीच ओळखीची हळदीची जाळी. लाल फिल्टरवर बटण दाबलं, ओळीमागून ओळ उतरत गेली. केंद्रकं गोल, लाल, भरलेली, भोवती काळोख. प्रथिन जागचं हललं नव्हतं.